मेडिसिन वॉर्डात नव्याने लागलात? ॲसिडिटी आणि अल्सरची औषधं देताना काय बघायचं, स्टेप बाय स्टेप

मेडिसिन वॉर्डात जॉईन झालात की पहिल्याच दिवशी दिसेल, जवळजवळ प्रत्येक ट्रीटमेंट शीटवर वरच्या दोन-तीन ओळींत कुठेतरी "पॅन ४०", म्हणजे पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ हे ॲसिडिटीचं औषध, लिहिलेलं असतं. ते इतकं रोजचं असतं की नवीन स्टाफ त्याला औषध म्हणून बघतच नाही, ट्रेमध्ये शेवटी उरलेलं इंजेक्शन पटकन देऊन टाकायचं असं होऊन जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की या औषधांमध्ये डोस डॉक्टर ठरवतात पण वेळ आणि क्रम आपल्या हातात असतो, आणि औषध लागू पडणार की वाया जाणार हे बऱ्याचदा तिथेच ठरतं. नर्सिंगचं जीएनएम किंवा बीएस्सी करताना हे सगळं शिकवलेलं असतं, पण पुस्तकातला गट आणि वॉर्डातली ट्रॉली यांची सांगड घालून कोणी देत नाही, म्हणून हे लिहितेय. तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळायचा, आणि शंका आली तर इन्चार्ज सिस्टरला किंवा आरएमओला (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) विचारायचं, त्यात कमीपणा काही नाही.

हाताशी काय काय पाहिजे

- ट्रीटमेंट शीट आणि पेशंट घरी घेत असलेल्या गोळ्यांची पिशवी (पिशवी नातेवाईकांकडून मागून घ्या, "बीपीची एक आणि शुगरची एक" एवढ्यावर भागत नाही)
- ॲलर्जीची नोंद, खास करून पेनिसिलिनची
- रिपोर्ट: क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं), हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम, असेल तर मॅग्नेशियम, आणि ईसीजी
- एनएसचे (नॉर्मल सलाईनचे) १० मिलीचे ॲम्प्युल, १० आणि २० मिलीच्या सिरिंज, लेबल आणि मार्कर
- ड्रिप चालू करायची असेल तर सिरिंज पंप, नसेल तर मायक्रोड्रिप सेट
- औषधाच्या खोक्यातला कागद, तो फेकू नका
- तुमच्या वॉर्डात नाश्ता खरंच किती वाजता येतो ती वेळ, बोर्डावर लिहिलेली नाही

१. आधी पेशंटशी बोला

पेशंट म्हणतो "सिस्टर, ॲसिडिटी झालीय, काहीतरी द्या". लगेच जेलची बाटली उचलू नका. छातीच्या खालच्या बाजूला, बेंबीच्या वर दुखतंय, जळजळतंय, ग्यास अडकल्यासारखं वाटतंय ही तक्रार हार्ट अटॅकमध्येही अगदी अशीच येते, आणि शुगरच्या पेशंटमध्ये, बायकांमध्ये, वयस्कर माणसांमध्ये तर छातीत कळ न येता नुसती मळमळ, घाम आणि अस्वस्थपणा येऊ शकतो. म्हणून नाडी, बीपी, सॅच्युरेशन घ्या, घाम येतोय का बघा, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय का विचारा, डॉक्टरांना कळवा आणि त्यांनी सांगितलं तर लगेच ईसीजी. म्युकेनसारख्या जेलमध्ये ऑक्सिटाकेन नावाचं बधिर करणारं औषध असतं, ते घेऊन थोडं बरं वाटलं म्हणजे दुखणं पोटाचंच होतं असं सिद्ध होत नाही.

मग बाकीचे प्रश्न विचारा. गुडघे-कंबर दुखतात म्हणून मेडिकलवरून कुठल्या गोळ्या आणता? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन ही नावं पेशंटला माहीत नसतात, "ती लाल गोळी" म्हणतात, म्हणून पाकीट बघायला मागा. तंबाखू, मिश्री, दारू किती? शौचाला काळी होते का? लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? किडनीचा त्रास आहे का? बाळंतपणाच्या वयातली बाई असेल तर पाळी कधी आली? रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत का? या प्रत्येक उत्तराचा पुढे कुठल्या ना कुठल्या औषधाशी संबंध येतो.

२. औषध कुठल्या गटातलं ते ओळखा

ब्रँड शेकडो आहेत, गट मात्र मोजकेच. झोलने संपणारी (पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल) ही पीपीआय, म्हणजे जठरात आम्ल सोडणारा पंपच बंद करणारी. टिडीनने संपणारी (रॅनिटिडीन, फॅमोटिडीन) ही एच-टू ब्लॉकर, पंपाला मिळणारा सिग्नल अडवणारी. डायजिन, जेल्युसिल ही अँटासिड, तयार झालेलं आम्ल मारणारी. सुक्राल्फेट जखमेवर थर धरतं. मिसोप्रोस्टॉल जठराचं अस्तर सांभाळतं. डोमपेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड अन्न पुढे ढकलतात. हल्ली व्होनोप्राझानही दिसायला लागलंय, तेही पंपावरच काम करतं पण त्याला जेवणाच्या आधीच द्यायचं बंधन नाही.

रॅनिटिडीनबद्दल पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात, कारण मोबाईलवर काहीतरी वाचलेलं असतं. त्यात एनडीएमए नावाची कॅन्सरशी जोडलेली अशुद्धी सापडली म्हणून अमेरिकेत २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आणि आपल्याकडे २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळलं गेलं. यादीतून वगळणं म्हणजे बंदी नव्हे. विचारलं तर घाबरवू नका, डॉक्टरांशी बोलून देते असं सांगा आणि खरंच बोला.

३. सकाळची गोळी नाश्त्याच्या आधी, म्हणजे खरोखर आधी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पीपीआय अनशापोटी द्यायचं, नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी. कारण समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. जठरातले पंप जेवणाने जागे होतात, आणि हे औषध जाग्या पंपालाच धरतं. गोळी आतड्यात विरघळून रक्तात जायला वेळ लागतो, म्हणून ती आधी जायला पाहिजे म्हणजे खाणं आलं तेव्हा औषध रक्तात तयार असेल. नाश्त्यानंतर दिली तर गोळी पोटात गेली, शीटवर सही झाली, पण फायदा अर्धवट.

वॉर्डात होतं असं की सकाळचा डोस नाईटवाल्या स्टाफच्या गळ्यात असतो, सहा वाजता सँपल, शुगर, टेंपरेचर, आयओ चार्टची (किती पाणी गेलं, किती लघवी झाली) बेरीज, सगळं एकदम येतं आणि गोळी टेबलावर ठेवून "आजी, चहा घेताना घ्या" असं सांगून पुढे जावं लागतं. आजी ती गोळी बिस्किटाबरोबर आठ वाजता घेतात. टेबलावर ठेवू नका, समोर पाण्याबरोबर घ्यायला लावा. थायरॉईडची गोळी पण असेल तर ती सगळ्यात आधी, सहाच्या सुमारास नुसत्या पाण्याबरोबर, मग सात-सव्वासातला पॅन, मग आठला नाश्ता, असं मी लावून घेते आणि ते बऱ्यापैकी जमतं.

दुसरा सापळा म्हणजे गोळी कुटणं. पॅन्टोप्राझोलच्या गोळीवर जे आवरण असतं ते जठरातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठीच असतं. राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) असलेल्या पेशंटला ती खलबत्त्यात कुटून दिली की औषध आम्लात खराब होतं, वर ट्यूबही चोंदते. पॅन-डीसारखी (पॅन्टोप्राझोल आणि डोमपेरिडोन एकत्र) कॅप्सूल पण फोडून कुटायची नाही, तिच्यातलं डोमपेरिडोन हळूहळू सुटणारं असतं. ट्यूब असेल तर डॉक्टरांना सांगून इंजेक्शन किंवा ट्यूबमधून चालणारी इसोमेप्राझोलची पावडर लिहून घ्या.

आणि पेशंटला हेही सांगा की पहिल्या दिवशी पूर्ण आराम पडत नाही, पूर्ण परिणाम यायला ३ ते ५ दिवस लागतात. नाहीतर दुसऱ्या दिवशी "ही गोळी काही लागू पडत नाही" म्हणून बंद.

४. इंजेक्शन पॅन: घाई नको

व्हायलमध्ये ४० मिग्रॅ कोरडी पावडर असते. १० मिली एनएसमध्ये विरघळवायची, पूर्ण विरघळली का उजेडात धरून बघायची, रंग बदललेला किंवा कण दिसले तर टाकून द्यायची. थेट शिरेत देताना किमान २ मिनिटं. घड्याळ बघून २ मिनिटं थांबून बघा एकदा, किती लांब वाटतात ते कळेल. नाहीतर १०० मिली एनएसमध्ये घालून १५ मिनिटांत. विरघळवून ट्रेमध्ये तासन्तास ठेवू नका, बेडजवळ गेल्यावरच तयार करा.

पॅन आणि एमसेट (उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन) एकाच सिरिंजमध्ये भरून द्यायची सवय काही ठिकाणी असते, ती उचलू नका. पॅन्टोप्राझोलचं द्रावण अल्कधर्मी असतं आणि ऑन्डान्सेट्रॉन तशा द्रावणात साका धरतं. मिडाझोलमबरोबरही चालत नाही. नियम सोपा ठेवा, पॅन एकटंच जातं, आधी एनएसने फ्लश, नंतर एनएसने फ्लश. देताना कॅन्युलाची जागा बघा, लाल, सुजलेली, दुखरी असेल तर तिथून काहीच देऊ नका.

रॅनिटिडीनचं ५० मिग्रॅचं ॲम्प्युल २ मिलीचं असतं, ते २० मिलीपर्यंत पातळ करून किमान ५ मिनिटांत द्यायचं. भसकन दिलं तर नाडी एकदम मंदावू शकते. फॅमोटिडीन असो की रॅनिटिडीन, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो, आणि वयस्कर पेशंट अचानक असंबद्ध बोलायला लागले तर बाकी कारणांबरोबर हे औषधही डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

५. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी शौच

इथे पॅन रोजचं राहत नाही. कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा लाल उलटी, किंवा काळी, चिकट, चकाकणारी, अतिशय वास मारणारी शौच दिसली की डॉक्टरांना फोन आधी, नोंद नंतर. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट-हिरवट होते पण बांधलेली असते आणि तो विशिष्ट वास नसतो. एकदा खरा मेलेना, म्हणजे पचलेल्या रक्ताची ही काळी शौच, तुम्ही बघितलात की तो वास वॉर्डात शिरल्याशिरल्या ओळखता येतो. मावशींनाही सांगून ठेवा की बेडपॅन दाखवल्याशिवाय ओतायचं नाही.

पेशंट उपाशी, म्हणजे एनबीएम. उलटी होत असेल तर कुशीवर, सक्शन तयार. दोन मोठ्या कॅन्युला, १८ किंवा १६ नंबर, रक्तगट आणि क्रॉसमॅचचं सँपल, ऑर्डरप्रमाणे सलाईन, तासाची लघवी मोजायची. दर १५ मिनिटांनी नाडी-बीपी. बीपी बघून निश्चिंत होऊ नका, रक्त जात असताना नाडी आधी वाढते आणि बीपी बराच वेळ टिकून राहून मग एकदम पडतं. पेशंट बीटा ब्लॉकरवर (नाडी मंद ठेवणारी बीपी-हार्टची गोळी) असेल तर नाडीही वाढत नाही, म्हणून गार घामेजलेले हातपाय आणि बेचैनी बघायची.

अल्सरच्या रक्तस्रावात बहुतेक वेळा ऑर्डर येते ती पॅन ८० मिग्रॅ बोलस (सुरुवातीचा मोठा डोस) आणि मग ८ मिग्रॅ तासाला, ७२ तास. नवीन मुलं इथे हिशोबाला घाबरतात, तर एकदा मांडून घ्या. दोन व्हायल म्हणजे ८० मिग्रॅ, प्रत्येकी १० मिली एनएसमध्ये विरघळवून झाले २० मिली. १०० मिली एनएसच्या बाटलीतून २० मिली काढून टाका आणि हे २० मिली घाला, एकूण १०० मिलीच राहिले. म्हणजे १ मिलीत ०.८ मिग्रॅ. ८ मिग्रॅ तासाला पाहिजे, म्हणजे १० मिली तासाला, बाटली १० तास पुरते. सिरिंज पंपावर ५० मिलीत ४० मिग्रॅ लावलं तरी तेच १० मिली तासाला, फक्त सिरिंज ५ तासांनी संपेल. पंप नसेल तर मायक्रोड्रिपचे ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे १० मिली तासाला म्हणजे मिनिटाला १० थेंब. बाटलीवर औषध, डोस, चालू केल्याची वेळ, रेट आणि तुमची सही. ही लाईन फक्त पॅनची, रक्त किंवा दुसरं औषध तिच्यातून नाही. आणि पॅन लागलं म्हणजे काम झालं असं नाही, दुर्बिणीची तपासणी साधारण २४ तासांच्या आत होते, तिचं कन्सेंट आणि तयारी बघा.

६. अँटासिड आणि सुक्राल्फेट: अंतर, अंतर, अंतर

बाटली आधी नीट हलवायची, औषध तळाला बसलेलं असतं. अँटासिड जेवणानंतर साधारण तासाने आणि झोपताना. ॲल्युमिनियमने पोट धरतं, मॅग्नेशियमने जुलाब होतात, म्हणून दोन्ही एकत्र घातलेली असतात. किडनी फेल असलेल्या पेशंटच्या शीटवर अँटासिड किंवा सुक्राल्फेट दिसलं तर देण्याआधी विचारा, कारण हे धातू शरीरात साठतात. हार्ट फेल्युअर आणि बीपीवाल्यांना इनो, खायचा सोडा यातलं सोडियम महागात पडतं, आणि नातेवाईक ते घरून डब्याबरोबर आणून देतात, म्हणून लॉकरवर लक्ष ठेवा.

अँटासिड बाकीची औषधं शोषू देत नाही. लोह आणि टेट्रासायक्लिनपासून किमान २ तास लांब, थायरॉईडच्या गोळीपासून ४ तास, सिप्रोफ्लॉक्सासिन द्यायचं तर अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी. सुक्राल्फेटचंही तसंच, फेनिटॉइन, डिगॉक्सिन, वॉरफेरिन यांच्यापासून २ तास अंतर. फिटच्या पेशंटला फेनिटॉइन आणि सुक्राल्फेट एकाच वाटीत दिलं आणि मग फिट का आली म्हणून शोधत बसायचं, असं होऊ देऊ नका.

सुक्राल्फेट रिकाम्या पोटी, जेवणाच्या १ तास आधी आणि झोपताना. त्याला थर धरायला आम्ल लागतं, म्हणून त्याच्या अर्धा तास आधी किंवा नंतर अँटासिड नको. बद्धकोष्ठता होते, पाणी पाजा. राईल्स ट्यूबमधून फीडबरोबर दिलं तर गोळा होऊन अडकू शकतं, वेगळं द्या आणि फ्लश करा. ही सगळी अंतरं डोक्यात राहत नाहीत, मी शीटच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने वेळा लिहून ठेवते, तुम्ही पण लिहा.

७. काही औषधं जिथे एक मिनिट थांबायचं

मिसोप्रोस्टॉल. लेबर रूममध्ये काम केलेल्यांना सांगायला नको. पेनकिलरने होणारा अल्सर टाळायला ते दिलं जातं, पण गरोदरपणात गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदर नाही याची खात्री झाल्याशिवाय नाही. स्टाफपैकी कोणी गरोदर असेल तर तुटलेली गोळी तिने हाताळू नये. खाण्याबरोबर द्या, जुलाब कमी होतात.

मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे पेरिनॉर्म. सावकाश द्यायचं, नाहीतर पेशंटला एकदम प्रचंड बेचैनी येते, बेडवरून उठून पळावंसं वाटतं. तरुण मुलामुलींमध्ये कधी कधी मान वाकडी होते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. घरचे घाबरतात, कोणी फिट म्हणतं कोणी बाहेरचं म्हणतं. पेशंट शुद्धीवर असतो आणि बोललेलं ऐकत असतो. औषध थांबवा, डॉक्टरांना बोलवा, फेनरगनसारख्या इंजेक्शनने ते उतरतं. तोपर्यंत शेजारी उभं राहून "हे औषधामुळे झालंय, बरं होणार आहे" एवढं सांगत राहा, पेशंटला त्याची फार गरज असते.

डोमपेरिडोन. ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर वाढवू शकतं, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल बरोबर लिहिलेलं दिसलं, पोटॅशियम कमी असेल किंवा हार्टचा पेशंट असेल तर ईसीजी दाखवून विचारा.

क्लोपिडोग्रेल आणि ओमेप्राझोल. स्टेंट टाकलेल्या पेशंटला ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल दिलं तर क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो, पॅन्टोप्राझोल त्या मानाने बरं. फार्मसीने "पॅन नाही, ओमेझ (ओमेप्राझोल) देतो" म्हणून बदलून पाठवलं तर परस्पर घेऊ नका.

८. एच. पायलोरीचं किट

अल्सर नुसता टेन्शन आणि तिखटाने होत नाही, त्यामागे बऱ्याचदा एच. पायलोरी हा जंतू असतो. ते दाखवून दिल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. नेहमीच्या किटमध्ये पीपीआय, ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, दिवसातून दोनदा, साधारण १४ दिवस. पहिला डोस देण्याआधी पेनिसिलिनची ॲलर्जी विचारा. तोंड कडू होतं, जुलाब होतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटलं की लोक सोडून देतात, मग जंतू राहतो आणि पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाही. बिस्मथ असेल तर शौच काळी होईल हे आधीच सांगा. मेट्रोनिडॅझोल असेल तर दारू अजिबात नाही. श्वासाची तपासणी किंवा दुर्बिणीतून जंतूची टेस्ट करायची असेल तर पीपीआय २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. अपॉईंटमेंट देताना हे विचारा.

९. डिस्चार्जला काय सांगायचं

नातेवाईक बिलाच्या रांगेत असतात, पेशंट चप्पल शोधत असतो, तरी पाच मिनिटं काढाच. गोळी किती दिवस ते पाकिटावर मराठीत लिहून द्या. साधारण ४ ते ८ आठवड्यांचा कोर्स असतो, पण लोक तेच प्रिस्क्रिप्शन दाखवून वर्षानुवर्षं पॅन-डी आणत राहतात. फार काळ घेतलं तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होतं, हाडं ठिसूळ होऊ शकतात, आतड्याचं इन्फेक्शन होऊ शकतं. पण उलटंही सांगा, ज्यांना ॲस्पिरिन किंवा पेनकिलर चालू आहेत म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम चालू ठेवलंय त्यांनी कोणाचं ऐकून बंद करायचं नाही. एकदम बंद केल्यावर काही दिवस जळजळ उसळते, म्हणून थांबवायचं ते डॉक्टरांना विचारून.

उपवासाच्या दिवशी "आज काही खायचं नाही म्हणून गोळी पण नाही" असं बऱ्याच बायका करतात, एकादशी-चतुर्थीला काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून सांगा. रमजानचे रोजे असतील तर तसंच. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं पण नंतर आम्ल वाढतं. रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, २-३ तास जाऊ द्या. नुसत्या उशा वाढवून पोट दुमडतं, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ६ ते ८ इंच उंची करायची. अंगदुखीला मेडिकलवरून गोळी आणायची नाही, हे दोनदा सांगा.

घास अडकतोय, वजन उतरतंय, सारखी उलटी होतेय, काळी शौच, चक्कर, यातलं काहीही झालं तर घरी वाट न बघता परत यायचं. हे पेशंटला आणि घरात जो माणूस खरंच निर्णय घेतो त्याला, दोघांनाही सांगा.

१०. ओव्हर (पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवणं) देताना

"पॅन चालू आहे" एवढं पुरत नाही. ड्रिप कधी लावली, रेट किती, किती मिली उरलंय, कितव्या तासावर आहे, शेवटची शौच कधी आणि कुठल्या रंगाची, शेवटचं हिमोग्लोबिन किती, उद्याच्या सकाळच्या गोळ्यांचा क्रम काय, आणि दुर्बिणीसाठी उपाशी ठेवायचंय का. पुढच्या शिफ्टच्या स्टाफला बेडजवळ नेऊन बाटलीवरचं लेबल आणि कॅन्युलाची जागा दाखवा, मगच सही करा.